‘गेझिने’ जहाजावरच्या सुताराचे अखेरचे लिहिणे

मी, एनो फॉकेन, वय अडुसष्ट, धंदा जहाजावरील सुतारकाम, राहणार एम्डेन बंदर, लिहून ठेवतो की माझी फुप्फुसे निकामी झाली असली तरी डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कुणी भाग पाडलेले नाही. आधीचे काही सापडल्यास रद्द समजावे.

१. राहते घर पत्नी अंट्ये हिचे. “तू हुकूम पाळलास, एनो, आता पुरे कर,” असे ती बारा वर्षे सांगत आली. मला ते जमले नाही. तिने क्षमा करावी.

२. माझी हत्यारे सुतारकाम करणारा पुतण्या फोल्केर्ट याला. त्याने दारे करावीत, खाटा कराव्यात. युद्धाचे काम घेऊ नये. याच हत्यारांनी १९४० साली मी ‘गेझिने’ या केळी वाहणाऱ्या जहाजाला लाकडी झडपा बसवल्या. झडपांमागे सहा तोफा होत्या. शत्रूची मालवाहू जहाजे गाठून बुडवायची, हे आमचे काम. दर महिन्याला परक्या देशाचे नाव आणि झेंडा घ्यायचो, रंगवायचो मीच. हिंदी महासागरात आम्ही नॉर्वेचे झालो होतो. एक खरे नॉर्वेजियन जहाज आपली माणसे समजून जवळ आले. डेकवर कपडे वाळत होते, स्वयंपाकी टोपी हलवत होता. आमचा खरा झेंडा वर गेला, झडपा खाली आल्या. त्यांची अकरा माणसे मेली.

त्यांचा कप्तान स्वेर्रे ऑसेट वाचला, पण एक पाय गेला. मी त्याला लाकडाचा करून दिला. तो म्हणायचा, “आधी पाय नेलास, सुतारा, आता नवा देतोस. धंदा बरा आहे तुझा!” आम्ही दोघेही हसायचो. तो सात आठवडे आमच्याकडे होता.

मग पकडलेल्या एका जहाजातून कैद्यांना जर्मनीला धाडायचे ठरले. लेफ्टनंट रोडेनबेक म्हणाले, “कैदी ठेवायच्या तळाच्या झाकणाला बाहेरून कडी लाव.”

“आणि जहाज बुडालं तर?”

“तुला काम सांगितलंय. मत विचारलेलं नाही.”

मी कडी लावली. खालून ऑसेटचा आवाज आला, “एनो, आतून धरायला काहीच ठेवलं नाहीस रे.”

फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ इंग्रजांच्या पाणबुडीने ते जहाज फोडले. आमचे खलाशी होड्यांत उतरले. कडी कुणीच काढली नाही. त्यांच्यातल्याच एकाने मला पुढे हे सांगितले. तोवर ‘गेझिने’ही बुडाली होती आणि मी इंग्रजांचा कैदी होतो.

३. रोडेनबेक दरवर्षी बिअरच्या दुकानात उरलेल्यांना जमवून ‘गेझिने’च्या नावाने पेले उंचावतात. त्यांचे पुष्पचक्र माझ्या शवपेटीवर नको. ते घेऊन आलेच, तर अंट्येने दार लावून घ्यावे.

४. ऑसेटची मुलगी इन्ग्रिड हिला मी चार वर्षांपूर्वी सगळे खरे लिहून कळवले. मन हलके होईल असे वाटले होते. माझे, तिचे नव्हे. तिचे उत्तर आले: “वडील गेले, हे ठाऊक होतं. कसे गेले, ते ठाऊक नव्हतं. आता रोज ठाऊक असतं. पुन्हा लिहू नका.”

तिच्यासाठी या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही. हे विसरून राहिलेले नाही. मी मेल्याचेही तिला कळवू नये.

एम्डेन, ११ फेब्रुवारी १९५८
सही: एनो फॉकेन

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. डॉ. गेर्हार्ड ब्रुन्स
२. टाल्के यान्सेन, शेजारीण