रक्तातला आकडा

१२ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा तुझं रक्त मीच तपासलं. नेहमीच्या रिपोर्टात क्रिएटिनिन ठीक आलंय म्हणून तू खुशीत असशील. पण आमच्या प्रयोगशाळेत मधुमेहवाल्यांच्या रक्तातली दुसरी काही प्रथिनं मोजतात. मूत्रपिंडं आतून बिघडू लागली की ही प्रथिनं आधी वाढतात. क्रिएटिनिनला जाग येते ती फार उशिरा. तुझी दुपटीवर गेली आहेत. मी यंत्राला नावं ठेवली, पुन्हा तपासलं, तेच आलं.

उद्याच काही होईल असं नाही. अशा बऱ्याच जणांची मूत्रपिंडं काही वर्षांत ढासळतात, सगळ्यांची नाही. म्हणूनच आत्ता डॉक्टरांना गाठ. कंबरेसाठी चण्याफुटाण्यांसारख्या गोळ्या खातोस, त्या बंद कर. आणि क्रेनवरून उतरावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, हा शहाणपणा तुला कुणी शिकवला?

लोभ आहेच, तो वाढवला नाहीस तरी चालेल, पाणी वाढव.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू माझी बहीण आहेस की ज्योतिषी? रिपोर्ट ठीक असताना डॉक्टरच्या दारात कशाला जाऊ? जहाज धक्क्याला लागलं की माझ्या केबिनखाली माणसं ताटकळत असतात. लघवीसाठी एवढी शिडी उतरलो तर सगळा माल अडतो. गोळी नाही घेतली तर कंबर वाकत नाही.

आणखी एक, रागावू नकोस. आपल्या दादांना डायलिसिसच्या खुर्चीत बसेपर्यंत काही ठाऊक नव्हतं. तोवर ते सुखात होते. मला तेवढं सुख हवंय. छोटी आता कठड्याला धरून जिना उतरायला शिकतेय. मी तिच्याकडे बघू की तुझ्या आकड्याकडे? यापुढे रक्ताबद्दल सोडून काहीही लिही.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
ठोंब्या

२१ मे

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहितेय. गेला आठवडाभर ऊन आग ओकत होतं. यांना क्रेनच्या केबिनमध्येच उलट्या झाल्या. उठता येईना, तेव्हा दोघांनी दोर बांधून खाली आणलं. क्रिएटिनिन एकदम चौपट झालंय. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं आधीच थकलेली होती, त्यात पाणी नाही आणि वर गोळ्या; एवढा धक्का त्यांना झेपला नाही. तीनदा डायलिसिस झालं.

तुमचं पत्र मी वाचलं होतं. गोळ्यांची डबीही फेकली होती. त्यांनी दुसरी आणली, आणि मी भांडून भांडून गप्प बसले. आता ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. आज दुपारी एवढंच बोलले, “ताईला कळवू नकोस. ती स्वतःला दोष देईल.”

छोटी बाबा कुठेत म्हणून विचारते. मला काही सुचत नाही. तुमच्याशिवाय आम्हाला कुणी नाही. लोभ असेल तर पत्राची वाट पाहू नका, निघा.

तुमची,
वहिनी

३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू इथे होतीस तेव्हा मी तुझ्याशी धड बोललो नाही. तू माझे पाय दाबत बसायचीस आणि मी झोपेचं सोंग घ्यायचो.

डायलिसिस थांबलं आहे, पण मूत्रपिंडं निम्म्यावर आली, आणि डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही. आता मी खाली धक्क्यावर उभा राहून नव्या चालकाला हाताने खुणा करतो. तो चुकला की जीव वर जायला तडफडतो.

तू नेलेल्या रक्ताचं काय झालं ते काल कळलं. तुझं पत्र हिने एक दिवस दडवलं होतं. आकडा उतरला नाही, उलट थोडा चढलाय. मी मोरीत नळ सोडून खूप रडलो. छोटी मोठी होईल तेव्हा मी कुठल्या खुर्चीत असेन, असेन तरी का, हेच डोक्यात फिरतंय. सगळ्यांना सांगतो, मी ठीक आहे. ठीक नाही, ताई. मला फार भीती वाटते.

आकडा उतरला असं लिहिणं तुला काही जड नव्हतं. तसं लिहिलं असतंस, तर येत्या सोमवारी मी पुन्हा वर चढलो असतो.

पुढचं रक्त कधी पाठवू ते कळव. लोभ ठेव, आणि असंच खरं लिहीत जा.

तुझा,
ठोंब्या