बाहेरून लावलेली कडी

श्री मार्कंडेश्वर कृपा

आरमोरी,
दि. १४ एप्रिल १९८६

सौ. अंजनाबाईंना सुगंधाचा नमस्कार.

तुमचे पत्र शनिवारी पोचले. आईंचे गुडघे आता बरे आहेत, रोज तेल चोळून देते. कैऱ्यांचे लोणचे घातले. तुमची बरणी वेगळी काढून ठेवली आहे, रागाने तेल कमी घातलेले नाही.

तुम्ही विचारले आहे, नागपूरचे औषध अर्ध्यातच काऊन सोडले. जत्रेनंतर तुम्हाला औषध सोसत नाही असे सांगितले, तेही खोटे नव्हते. गोळ्यांनी पोटात ढवळायचे, अंगाची आग व्हायची. दोनदा पिशवी साफ केली. नळ्यांचा फोटो काढताना मी ओरडले तर नर्स म्हणाली, "पोरगं पाहिजे ना, मग सोसा." तीन वर्षे सोसले. डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट पाहून सांगितले, दोष कोणातच नाही. मग औषध कशाचे, असे मी विचारले तर हसले. "बाई, तुम्ही फक्त तारखा पाळा."

पण एवढ्याने मी थांबले नसते. मी सोसणारी आहे, हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे. त्याचाच तर तुम्हाला आधार होता.

तुमचे भाऊ एटापल्लीला मास्तर, मी इथे आईंजवळ. तारीख जवळ आली की निरोप एसटीनेच धाडावा लागे. मी कंडक्टरला एवढेच सांगत असे की आईंनी बोलावले आहे. दिवाळीनंतर तुम्ही इथे राहायला आलात. "नुसतं बोलावलं म्हटल्यानं माहा भाऊ येत नाई," म्हणून स्वतः स्टँडवर गेलात आणि लच्छू कंडक्टरला चारचौघांत सांगितलेत, "मास्तरले म्हणा, डॉक्टरनं तारीख देली हाये, बायकोजवळ या."

तुमच्या मनात वाईट नसेल. पण तो निरोप गडचिरोली, आष्टी, आलापल्ली, एकेका स्टँडवर चहा पीत एटापल्लीला गेला. शाळेच्या फाटकातून ड्रायव्हरने हाक मारली, "मास्तर, चाला, तारीख आली तुमची." पोरे पाढे म्हणत होती, ती थांबून ऐकू लागली. त्यानंतर हे गाडीत चढले की मागून कोणीतरी म्हणणारच, "मास्तरले पुढची सीट द्या बाप्पा, ताजेतवाने पोचले पाह्यजे."

आता जे लिहायचे टाळत होते ते लिहिते. त्यांना विचारून लिहिते आहे.

त्या निरोपानंतर ते तारखेला यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत ते एकदाही माझ्याजवळ आले नाहीत. मी गोळ्या मात्र गिळत राहिले. डॉक्टरांनी विचारले, तारखा पाळता ना? मी हो म्हटले, कारण बाजूच्या खुर्चीवर तुम्ही बसला होता. आमच्यात नवरा-बायकोचे काही उरलेच नव्हते, अंजनाबाई, आणि मी त्याचे औषध खात होते. त्याच दिवसांत तुमच्या जावेच्या डोहाळजेवणात मी ओटी भरायला पुढे झाले, तर तुम्ही माझ्यासमोरून ताट उचलून नेलेत. आज सांगते, ते ताट उचलणारा हात मी विसरणार नाही.

मग शिवरात्र आली आणि डॉक्टरांची तारीख नेमकी त्याच दिवशी पडली. हा उपास मी शाळेत होते तेव्हापासून करते, पाणीही घेत नाही. मी हात जोडून म्हटले, देवाच्या दिवशी हे नको. तुम्ही म्हणालात, "देवच तर मुहूर्त देऊन राह्यला." सकाळी तुम्ही आईंना घेऊन मार्कंड्याच्या जत्रेला निघालात. हे मागच्या खोलीत पडून होते. मी पूजेचा तांब्या आणायला आत गेले, आणि बाहेरून कडी लागली.

मला वाटले चुकून लागली. मी हाक मारली. तुमचा आवाज आला, "सांजेले येतो आमी. राहा निवांत."

जनावरालाही लोक असे कोंडत नाहीत. मी दार ठोकत राहिले. हे उठून बसले आणि म्हणाले, "रेडा करून टाकलं मले तुमी सर्व्यांनी."

"मी कुठी केलं?"

"तूबी तर निरोप धाडत होती."

मी दाराशीच खाली बसले. त्यांनी विचारले, "उपास आहे ना तुझा?" मी मान हलवली. "मग मलेबी उपास. आन् हे तारखेचं बस झालं आता. पोरगं नसन तर नसन. तू तर आहेस का नाई, तेच मले समजून नाई राह्यलं." तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाहून एवढे बोलणे पहिल्यांदाच केले. मी गोळ्यांची बाटली खिडकीतून भिरकावायला उठले, पण अंगणात कोंबड्या होत्या. गाठोड्यात बांधून ठेवली.

दुपारी शेजारची ठमाबाई सूप परत द्यायला आली, तिने दार उघडले. "कोणं लावली व कडी, घरात माणसं असतानी?" हे म्हणाले, "वाऱ्यानं लागली, काकू." तुमची अब्रू त्यांनी तेवढी राखली. जत्रेची गाडी धरून आम्ही मार्कंड्याला आलो, वैनगंगेत अंघोळ करून दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो. पुढचे तुम्ही पाहिलेच आहे. शंभर माणसांसमोर तुम्ही विचारलेत, "तारीख सोडून इथी काऊन आले?" आणि हे म्हणाले, "बाई, देवाच्या दारात तरी गप्प राह्य." तुम्हाला वाटते मी त्यांना शिकवून आणले. मी काही शिकवले नाही. त्या पिंडीसमोर मी दरवर्षी पोरगे मागत होते. ह्या वर्षी काहीच मागितले नाही, नुसते डोके टेकवले.

तुम्ही लिहिले आहे की औषध घ्यायचे नसेल तर वडशाची चंदा पाहून ठेवली आहे, मे महिन्यात तिला घेऊन याल. सरकारी नोकरीत दुसरी बायको करता येत नाही, एवढे मी मॅट्रिक झाले म्हणून मला कळते. पण मी कायद्याच्या आडोशाला उभी राहत नाही. चंदाला आणा, जेवू घालीन, आणि मागच्या खोलीत नेऊन कडी कुठे लावली होती ती जागा दाखवीन. मग तिच्या आईबापांनी ठरवावे.

शाळा सुरू व्हायच्या आधी मी एटापल्लीला राहायला जाते आहे. खोली पाहिली आहे. यापुढे एसटीने निरोप जाणार नाही. उरलेल्या गोळ्या लोणच्यासोबत पाठवते, दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. पैसे तुमच्याकडेच राहू द्या.

हे पत्र आईंना चोरून लिहिलेले नाही. आत्ताच पूर्ण वाचून दाखवले, भिंतीचे आणि कडीचेसुद्धा. कडीचे त्यांना माहीत नव्हते, त्या आधीच स्टँडकडे चालू लागल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात फिरवत बसल्या. मला वाटले आता शिव्या देतील. मग विचारले, "एटापल्लीले पाणी कसं हाये व? माह्या गुडघ्याले मानवन का?"

मी सांगितले, विहीर गोड आहे.

तुमच्या भावाची पहिली आणि शेवटची बायको,
सौ. सुगंधा