बेसिनचा पाना खरेदी करण्याबाबत

भावजींना वहिनीचे आशीर्वाद. (तुम्हीही आता आजोबा झालात, तेव्हा आशीर्वाद द्यावेत की सरळ नमस्कार करावा, या घोळात एक कागद फुकट गेला. शेवटी ठरवलं, मी या घरात आले तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत होतात, त्यामुळे आशीर्वादच.) जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणावं, आणि चढायचाच असेल तर तुमचा हात धरून चढा, म्हणजे तुमचंही थोडं चालणं होईल. नातवाला दात येतायत असं ऐकलं. तुमचा चष्मा त्याच्या हाती लागू देऊ नका. आमच्याकडे सगळं ठीक. यांचं ब्लडप्रेशर गोळीने आटोक्यात आहे. माझंही असतं, पण मी यांच्याबरोबर राहते.

फोन का केला नाही असं म्हणाल. फोन लावला की हे शेजारी उभे राहून मी काय बोलायचं ते हातवारे करून सांगतात, आणि वर 'मी काही सांगितलेलं नाही' हेही सांगायला लावतात. शिवाय यांच्या मते असल्या बाबतीत अभिप्राय लेखी असलेला बरा. बाब म्हणजे आपलं ते स्वयंपाकघरातलं बेसिन. ते अजून गळतंय. मागच्या वेळी तुम्ही आला होतात तेव्हा जे झालं त्याबद्दल मी काही लिहीत नाही (पत्र पेटीत पडण्याआधी हे वाचणार आहेत). एवढंच लिहिते की तुम्ही चांगला इस्त्रीचा शर्ट घालून बेसिनखाली शिरलात, बाहेर आलात आणि म्हणालात, याला बेसिनचा पाना लागतो, साध्या पान्याचं हे काम नाही. हे म्हणाले, बघू, चौकशी करू. त्यावर तुम्ही जावयांसमोर म्हणालात की दादाला झोपायला खाट घ्यायची असेल तर तो तीन दुकानांचे भाव हातात येईपर्यंत जमिनीवर झोपेल. जावई हसले. जरा जास्तच हसले, त्यांना मी नंतर बोललेही. मग हे म्हणाले की ज्याला या घरात ओल लागते त्याने आपल्या कोरड्या घरी जावं. आणि तुम्ही बॅग उचललीत. बाकी मी काही लिहीत नाही.

तुम्ही गेल्यावर मला वाटलं, आता हे हट्टाने पाना आणणारच नाहीत. तसं नाही. यांनी रीतसर काम सुरू केलं. तुम्हाला माहीतच आहे, यांची सगळी नोकरी खरेदी विभागात गेली. कोणी काही मागितलं की कागदावर 'उपलब्ध साधनांत काम भागवावे' असा शेरा मारायचा. त्या शेऱ्यावर यांना दोन बढत्या मिळाल्या आणि निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्याचं कौतुकही केलं (ऑफिसात तोवर एकच पंखा चालू होता). तर यांनी तीन दुकानं गाठली. पहिल्या दुकानदाराने भाव तोंडी सांगितला. यांनी तो कागदावर मागितला. त्याने बिडीच्या पाकिटावर लिहून दिला, तो यांनी अग्राह्य ठरवला. दुसरा म्हणाला, काका, घ्यायचाय की नुसता अभ्यास चाललाय? तिसरा मात्र भला माणूस. त्याने पाना काढून समोर ठेवला. हातभर दांडा, टोकाला पोपटासारखी चोच, आणि ती चोच या कुशीवरून त्या कुशीवर वळते. बेसिनच्या मागे, भिंतीला चिकटलेल्या ज्या नटापर्यंत माणसाचा हात पोचतो पण फिरवायला जागा मिळत नाही, तिथे हा जातो म्हणे. यांनी विचारलं, याने आणखी काय काय करता येतं? तो म्हणाला, काही नाही साहेब, हे एकच काम. पण ते दुसरं कोणी करत नाही.

झालं. हे खुशीतच घरी आले. एका कामासाठी एवढे पैसे! घरात एकाच कामाची वस्तू ठेवायची नाही, हे तत्त्व आहे, असं म्हणून आरामखुर्चीत बसले आणि दुपारभर बसून राहिले. (मी खुर्चीकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, आणि कणीक मळायला गेले.) मग प्रश्न निघाला की वर्षातून असा पाना किती वेळा लागणार. मी म्हटलं, लग्नातला सूट तुम्ही किती वेळा घातलात? त्यावर उत्तर आलं की तो आग्रहाखातर झालेला खर्च होता. कोणाच्या आग्रहाखातर, ते मी विचारलं नाही, नाहीतर गळती राहिली बाजूला आणि तेच सुरू झालं असतं.

त्यानंतर उपलब्ध साधनांचा आठवडा. यांनी आपला जुना पाना माझ्या कपडे वाळत घालायच्या काठीला सुतळीने बांधला. काठी बेसिनखाली मावेना, म्हणून ती मधोमध कापली. (आता मी ओले कपडे खुर्चीवर चढून वाळत घालते. माझ्या गुडघ्याचीही चौकशी करत जा.) ते जमलं नाही, मग माझी सांडशी घेतली. सांडशी वाकली. तेव्हापासून पातेलं उतरवताना ती माझ्याकडे वळते की पातेल्याकडे, याचा भरवसा नाही. शेवटी हे स्वतःच आत शिरले. खांद्यापर्यंत गेले आणि अडकले. नेमक्या त्याच वेळी समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई विरजण मागायला आल्या. बाई सभ्य, पाय बघून ओळखलं आणि पायांशीच बोलल्या. तब्येत कशी आहे, विचारलं. आतून आवाज आला की उत्तम, जरा तपासणी चाललीय. मी विरजण देऊन त्यांना वाटेला लावलं आणि मग यांच्या पायांना धरून ओढलं, तेव्हा शर्टाचं एक बटण, डोक्यावरचे थोडे केस आणि नटाबद्दलचं एक मत बाहेर आलं. मत असं की नट मुळात चुकीच्या जागी आहे.

प्लंबरलाही बोलावून झालं. तो आपला पाना घेऊन आला, बरं का. पिशवीतून दांडा डोकावत होता. काम त्याने हा हा म्हणता केलं असतं. पण यांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि विचारलं की पाना तेवढा तासाभरासाठी भाड्याने मिळेल का. तो म्हणाला, पान्याबरोबर मी येतो. हे म्हणाले, तुमची गरज नाही, फक्त पाना. भावजी, त्या माणसाने चहा अर्धा ठेवला. आमच्या घरून चहा अर्धा ठेवून गेलेला तो दुसरा. (पहिले तुम्ही.)

तर आता फाइल इथे अडली आहे. यांचं म्हणणं, किंमत जास्त आहे की योग्य, हे ठरवायला सक्षम व्यक्तीचा तांत्रिक अभिप्राय पाहिजे. अशी व्यक्ती आपल्या ओळखीत कोण, असं मी विचारलं. हे छताकडे बघत म्हणाले, कारखान्यात देखभालीचं काम केलेलं कोणीतरी असावं. मी म्हटलं, भावजी. हे म्हणाले, तू म्हणतेस तर. मग थोड्या वेळाने पेपराच्या आडून असंही आलं की अभिप्राय नुसता लिहून पाठवण्यापेक्षा जागेवर येऊन पाहणी करून दिलेला जास्त ग्राह्य धरतात. तेव्हा विचारते, तो पाना त्या किमतीला घेण्यासारखा आहे की नाही? सवडीने कळवा. जाऊबाईंना माझी आठवण सांगा, नातवाला गालगुच्चा नको, पापा द्या.

तुमची,
वहिनी

ता. क. यांनी पत्र वाचलं. आरामखुर्चीचं वाक्य काढायला सांगितलं, ते मी ठेवलंय. बटणाचं काढायला सांगितलं, तेही ठेवलंय. शिवाय 'हे पत्र माझ्या माहितीशिवाय लिहिले आहे' असं शेवटी लिही म्हणाले. लिहिलं.

ता. क. २. हे आता फिरायला बाहेर पडलेत, तेव्हा खरं काय ते लिहिते. पाना मी कधीच आणलाय. सांडशी वाकली त्याच आठवड्यात गेले त्या तिसऱ्या दुकानात आणि घेऊन आले. त्या भल्या माणसाने चोच कशी उलटी करायची तेही दाखवलं. जुन्या गाद्यांच्या पेटीत तळाशी ठेवते. हे फिरायला गेले की काढायचा, पाठीवर पडायचं, दांडा वर सरकवायचा, आणि काय सांगू, नट कसा गुमान वळतो. माझ्या संसारात इतकं ऐकणारं दुसरं काही नाही. तेव्हा किमतीबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण वेगळीच आहे. मी संध्याकाळी घट्ट करते, बादली कोरडी राहते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणाचा वर्ग घेऊन घरी येते तर पुन्हा टपटप. वायसर बदलला. पुन्हा तेच. नटाचे आटे गेले असतील का? हे मात्र मनापासून विचारतेय, कारण मला काही सुचेनासं झालंय.

ता. क. ३. भावजी, नटाचं विसरा. या पत्राला पाकीट शोधायला यांची ऑफिसची बॅग उघडली. (या बॅगेला मी कधी हात लावत नाही, आत काही नसतं हे मला ठाऊक आहे आणि ते मला ठाऊक आहे हे यांना कळू नये म्हणून.) आत हातरुमालात गुंडाळलेला पाना निघाला. माझा नव्हे. दुसरा. तीच चोच, तोच हातभर दांडा. आणि हातरुमाल ओला.

मी तिथेच स्टुलावर बसले. म्हणजे यांनीही आणलाय. तीन भाव नाहीत, शेरा नाही, काही नाही. मी शिवणाच्या वर्गाला गेले की तुमचे दादा बेसिनखाली शिरतात आणि नट सैल करतात. ती काठी, ती सांडशी, तो प्लंबर, सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं सोंग. आणि नट रोज आपोआप घट्ट कसा होतो, याचं यांना केवढं नवल वाटत असेल, पण विचारणार कोणाला? बेसिन कोरडं झालं तर तुम्हाला बोलवायला दुसरं काही कारण उरत नाही, म्हणून गळत ठेवलंय. या माणसाला 'ये' म्हणता येत नाही हो. तुम्ही गेल्यापासून पेपरातली बातमी मोठ्याने वाचतात आणि मग कोणी वाद घालेल म्हणून थांबतात. मी वाद घालते, पण मी लगेच जिंकते, त्यात यांना मजा येत नाही. मलाही तुमच्याशिवाय घर सुनं वाटतं, हे मी उघड लिहिते, मला काही बढती मिळायची नाही.

तेव्हा मी आजपासून घट्ट करणं बंद केलंय. बादली ठेवली आहे, मोठी. माझा पाना गाद्यांखाली, यांचा हातरुमालात, दोन्ही जागच्या जागी. जाऊबाईंना घेऊन येत्या रविवारी या, बॅग मोठी आणा. आणि येताना तुमचा पाना आठवणीने घेऊन या. आमच्या घरात पाना नाही.