फाईलवरचं नाव

आदी, हे लिहिणारच नव्हतो. बॅग घेऊन दारापर्यंत गेलतो, परत येऊन तुझ्या लॅपटॉपवर टाइप करतोय.

आपल्या क्लासच्या पोरांना गणिताचं विकतचं सॉफ्टवेअर परवडत न्हाई म्हणून महिनाभर शोधून मी जिओजेब्रा काढलं. फुकट हाय, एकदा घेतलं की साध्या मोबाईलवर बिननेटचं चालतं. मी व्हिडिओ बघून शिकलो, मग ह्याच खोलीत तुला शिकवलं. पॅराबोलाच्या फाईली मराठीत बनवल्या, खाली माझं नाव टाकलं.

आज क्लासला गेलतो तर पोरं म्हणतेत, "आदीसरांनी लई भारी बनवलंय." बघितलं तर फाईलीखालचं माझं नाव काढलेलं. वर क्लासचे मोठे सर मला म्हणतेत, "शुद्धोधन, तुझ्याकडं डिग्री न्हाई, आदिनाथकडून जरा शिकून घे." तू तिथंच हुतास. नुस्ता फळा पुसत राहिलास. फाईली मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या. नाव कावून काढलंस बे?

नांदूरघाटला मावशीकडं चाललोय, रविवारी येतो. कुकरात डाळ हाय, खा.

उद्या शिकवताना y = ax² + bx + c मधल्या a चा स्लायडर शून्यावर आला की पॅराबोलाची सरळ रेघ होते. पोरं विचारतील, घाबरू नको. सांग, a शून्य झाला की x च्या वर्गाचं पदच उडतं, म्हणून.

मोठ्या सरांकडं मी हून जाणार न्हाई. पण कुण्या पोरानं मला तोंडावर विचारलं, हे कुणी बनवलं, तर तुझ्यासाठी खोटं बोलणार न्हाई. हा शब्द देतो तुला.