पालखी आली त्या दिवशी

बांदा, १२ जानेवारी २०२६

चि. सौ. सुगंधा हिस, भाईचे अनेक आशीर्वाद.

सिद्धेशच्या टेम्पोतून मधमाश्यांच्या पेट्या पाठवतोय. तुझ्या कलमांना मोहर आलाय. माश्यांना खाणं मिळेल, तुला आंबा बरा धरेल. फोन करू नको, माझे कान कामातून गेलेत. पत्रच लिही.

या आपल्या रानातल्या सातेरी माश्या, मोठ्या कष्टाने जमवलेल्या. मोहर सरेपर्यंत वाढतील, मग एकेका पेटीच्या दोन करून इथल्या बायकांना द्यायच्यात. सरकारी योजनेतून त्यांना शिकवणी मिळाली, रिकाम्या पेट्याही मिळाल्या. परदेशी माश्या घ्या म्हणणारे आले होते, पण आपली माशी रानातून नाहीशी होत चाललीय, म्हणून मीच बायकांना थांबवून ठेवलंय. त्यांतली रुक्मिणी बाजारात भेटली की आधी माश्यांची खुशाली विचारते, मग माझी!

एकच सांभाळ. शेजारी फवारणी असली की आदल्या सांजेला पेट्यांची दारं लाव, वर ओलं गोणपाट टाक, दुसऱ्या सांजेला उघड. विसरू नको गो बाय.

माया आहेच, उत्तराला उशीर नको.
तुझा भाई

मिठबाव, ९ फेब्रुवारी

ती. भाईस, सुगंधाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या लेकी मजेत आहेत. पहिल्याच दिवशी एकीने माझ्या भुवईवर प्रसाद दिला. आमचा विनीत म्हणाला, आई आता अगदी भाईमामासारखी दिसते! सकाळी मोहरात अशी गुणगुण असते की मी चहा घेऊन तिथेच बसते. शेजारचे बाबू फवारणीआधी न चुकता सांगून जातात, त्यामुळे दारं वेळेवर लागतात. रुक्मिणीवहिनींना म्हणावं, काळजी नको.

लोभ असू दे, आणि कानांत तेल घालत जा.
सुगंधा

मिठबाव, १० मार्च

ती. भाईस, सा. न.

भाई, माश्या गेल्या. सगळ्या.

बाबूंच्या बागेत कीड पडली होती, त्यांना थांबणं शक्य नव्हतं. त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं, मी दारं लावली. दुसऱ्या सकाळी शिमग्याची पालखी आमच्या वाडीत आली. पालखी अंगणात आली की घराचं, गोठ्याचं, एकही दार बंद ठेवायचं नाही, हे आईनेच आपल्याला शिकवलं ना? ढोल जवळ आले तशी मी घर उघडलं, गोठा उघडला आणि धावत जाऊन पेट्यांचीही दारं उघडली. मनात एवढंच आलं की देवी त्यांच्याही दारी आलीय. ओटी भरून झाली तेव्हा बाबूंच्या पंपाचा आवाज कानावर आला. तोवर माश्या त्यांच्या बागेतल्या उशिराच्या मोहरावर जाऊन बसल्या होत्या.

सांजेला पेट्यांसमोर सडा पडला होता. झाडू घ्यायचं मन झालं नाही, हातांनीच गोळा केल्या. त्या बायकांना मी काय तोंड दाखवू?

आज तुझ्याकडे लोभ मागवत नाही.
सुगंधा

बांदा, १९ मार्च

चि. सुगंधास आशीर्वाद. ते होते तसेच आहेत.

राग आला, लपवत नाही. पत्र फाडायला घेतलं होतं. मग रुक्मिणीला सांगितलं. ती आमच्या पायरीवर बसून रडली आणि म्हणाली, देवी दारात इल्यार कोण दार लावून बसतला? तेव्हा माझी मान खाली गेली. मीही त्याच आईचा. तुला फवारणीचं बजावलं, पालखीचं माझ्याही ध्यानात आलं नाही.

घरामागे एक पेटी उरलीय. पावसाळ्यानंतर तिच्या दोन झाल्या की एक रुक्मिणीची. बाकीच्यांना थांबावं लागेल. त्यांतली किशोरी काही थांबली नाही, गोव्याला कामाला गेली. तिची रिकामी पेटी माझ्या ओटीवर आणून ठेवलीय. येता-जाता दिसते.

जेवत जा. माया आटलेली नाही.
भाई

मिठबाव, ६ एप्रिल

ती. भाईस, शि. सा. न.

परवा वाडीची माणसं देवळात जमली. मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. बाबूच आधी उठले. पालखी वाडीत असेल त्या दिवसांत कुणीही पंप लावायचा नाही, असं देवीसमोर गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांनी होय महाराजा म्हटलं. एवढं बोलायला माश्या मराव्या लागल्या, भाई.

पेट्या धुऊन उन्हात वाळवल्यात. किशोरीला तिची पेटी ठेवलीय म्हणून कळव. आज लोभ मागते आहे, नाही म्हणू नको.

पुढच्या मोहराला जमलं तर एक पेटी पाठव. पालखी येईल तेव्हा तिचं दार मी उघडंच ठेवणार आहे.

तुझी सुगंधा