शेवटची वीत

मोटेवस्ती, ता. आटपाडी
६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप धनाजीकाकांना सोनमचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून पत्र. सोनियावहिनी सांगत होत्या, पत्र आलं की तुम्ही चष्मा पुसून तीन-तीनदा वाचता. तर हे नीट तीनदा वाचा.

काका, पलटणीच्या वर्कशॉपात तुम्ही पंचवीस वर्षं चाकं बसवली, आणि तुमच्या पुतणीला सायकलचं एक टायर बसेना झालंय. आशाताई म्हणून मला चार वस्त्या फिराव्या लागतात, आणि वाटेनं नुसते सराट्याचे काटे. गणपती उठल्यावर शालूबाईला कळा लागल्याचा निरोप आला त्या दिवशी वाटेत दोन पंक्चर झाली. सायकल ढकलत पोचले तोवर तिच्या सासूनं, दगडाबाईंनी, बाळंतपण उरकलं होतं. पोरगी धडधाकट, पण शालूबाईचं रक्त थांबेना. गाडी बोलावून तिला सांगलीला नेलं, आठ दिवस मीही तिथंच राहिले. वाचली. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून तासगावहून काटा न शिरणारी जाड टायरं आणली. टायरच्या काठातली एका बाजूची तार रिममध्ये जाते. दुसऱ्या बाजूची शेवटची वीतभर काही केल्या जात नाही. सायकलवाले बाळासो म्हणतात, साईज चुकली. पण जुन्या टायरवर आणि नव्यावर आकडा तोच आहे. तुमचे जावई म्हणतात, परत देऊन टाक. त्यापुढं बोलत नाहीत. टायर परत दे म्हणतात की कामच सोड म्हणतात, मला काही उमगत नाही.

उत्तर लवकर पाठवा. माया आहेच, ती कागदावरही थोडी सांडू द्या.

आपली,
सोनम


खंडाळा
१३ नोव्हेंबर २०२४

चि. सोनम हिस धनाजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

तीनदा वाचलं. चौथ्यांदा सोनियानं वाचायला घेतलं, कारण माझं हसू तिला बघवेना. जीपची चाकं मी डोळे झाकून बसवायचो आणि आमच्या घरची पोरगी सायकलीच्या टायरला हरली व्हय.

टायर दुपारभर उन्हात ठेव. कडेला साबणाचं पाणी लाव. व्हॉल्व्हपाशी सुरुवात कर आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडं सरकत जा. स्क्रू-ड्रायव्हर लावायचा न्हाई, आत ट्यूब चिमटते. साईज चुकली असती तर वीतभर नव्हे, हातभर उरलं असतं.

जावयाचं, अर्जुनाचं म्हणशील तर धनगराचा माणूस, मेंढरांशी जास्त बोलतो आणि माणसांशी कमी. तरी एवढं परत दे, परत दे म्हणत असेल तर त्याच्या मनात काहीतरी हाय. मला वाटतं, बायकोनं वस्त्या फिरणं त्याला पटत नसावं. स्पष्ट विचार.

माझी बोटं हल्ली वाकत न्हाईत, अक्षर गोड मानून घे. आशीर्वाद जुनेच हायत, पण गंजलेले न्हाईत.

तुझा,
काका


मोटेवस्ती
१९ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप काकांना शि. सा. न. वि. वि.

सांगितलं तसं केलं. ऊन दिलं, साबण लावला. वीत होती तेवढीच राहिली. मग बाळासोंनी मी नको म्हणताना स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि दोन ट्यूबा फाडल्या. आता ते म्हणतात, टायरची तार कापून सैल करू. तार कापली तर टायर रिमवर राहील कसं? दुसरा एक जण म्हणाला, रिमच वाकडी आहे. प्रत्येकाचं ऐकताना मला त्याचंच खरं वाटतं.

ह्यांना विचारलं. मी काम केलेलं तुम्हाला नको आहे का, असं सरळ विचारलं. तर उठून मेंढरांना पाणी दाखवायला गेले. ह्याला होय समजू की नाही? तुमच्या पत्रातलं वाक्य डोक्यातून जात नाही. गेले चार दिवस आम्ही भाकरीपुरतंच बोलतो. सध्या चालत फिरते, दोन वस्त्या रोज राहून जातात. कालपासून राजीनाम्याचा कागद लिहून फडताळात ठेवलाय. देऊ का, ते तरी सांगा.

गोंधळलेली,
सोनम


खंडाळा
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सोनम, आशीर्वाद.

कागद फडताळातच ठेव. तार कापू नकोस, जीव जाईल.

मी चुकलो. व्हॉल्व्हपाशी सुरुवात न्हाई, शेवट करायचा. सुरुवात समोरच्या बाजूनं. रिम मधोमध खोलगट असते. टायरची तार त्या पोटात उतरली की दुसरीकडं हवी तेवढी ढील मिळते. तुला ढील मिळत न्हाई, म्हणजे पोट भरलेलं हाय. रिमवरची पट्टी उचल आणि खाली बोट फिरव. काय लागतंय ते कळव.

अर्जुनाबद्दलही मी न बघता लिहिलं. त्याच्या मनातलं मला खंडाळ्यात बसून काय कळणार? माझं ते वाक्य खोडून टाक.

काका


मोटेवस्ती
५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप काकांना सोनमचा आणि तुमच्या जावयांचा शि. सा. न. वि. वि.

पट्टी उचलली. खाली जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या निघाल्या, एकावर एक तीन थर, दोन्ही चाकांना. टोकं सुतळीनं शिवलेली, आणि मेंढरांच्या जाळीला हे मारतात तीच गाठ. मी चाक घेऊन तशीच ह्यांच्यापुढं जाऊन बसले.

मी सांगलीला होते त्या आठ दिवसांत त्यांनी ते केलं होतं. आतून रबर घातलं की काटा लागणार न्हाई, असं वाटलं म्हणे. काटे बाहेरून लागतात, हे त्यांना तेव्हा सुचलंच नाही. जुनी टायरं झिजून ढिली झाली होती, म्हणून वरून बसली. नवी अडली ती आपल्या पट्ट्यांनीच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, पण सांगायची लाज वाटली. दोन ट्यूबा फाटल्यावर तर जास्तच. म्हणाले, तू दवाखान्यातनं फोनवर रडत होतीस, मला दुसरं काय करता येत होतं?

मला त्यांचा राग यावा की काय यावं, ते अजून कळलेलं नाही. राजीनाम्याचा कागद दाखवला, तर म्हणाले, हे कुणी सांगितलं तुला? मी तुमचं नाव घेतलं नाही.

पट्ट्या काढून एक पातळ पट्टी ठेवली. समोरून सुरुवात केली. तार पोटात दाबत मी व्हॉल्व्हपर्यंत आले, शेवटची वीत ह्यांनी अंगठ्यांनी लोटली आणि टायर टप्‌दिशी आत गेलं. दुसरं मी एकटीनं बसवलं.

परवा शालूबाईकडं गेले. आधीच्या भेटींना नर्सबाईंना पुढं घालून मी दारातच उभी राहायचे. ह्या वेळी एकटीच होते. तिनं पोरगी माझ्या मांडीवर दिली आणि चहा ठेवायला आत गेली. दोन महिने मनात जुळवलेलं माफीचं एक वाक्यही मला आठवेना. उद्या बुधवारी लस आहे एवढंच सांगायचं होतं, तर मी दोनदा गुरुवार म्हणाले. शालूबाई म्हणाली, ताई, तुमी आधी चहा घ्या, मग काय तो एक वार ठरवा.

काल बुधवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

बोटांना तेल लावत जा. रागावायचं असेल तर तेही पत्रानंच रागवा.

आपली,
सोनम