कोरडी प्रॅक्टिस

४ जानेवारी, रविवार

पाण्यावरची स्कूटर आज दारात आली. मालवणची, सेकंडहँड, पण रंग शाबूत. मीटरवर दोनशे बारा तास, म्हणजे चांगली कसलेली.

खरी किंमत इथं लिहून ठेवतो, कारण बाहेर वेगळी सांगणार आहे. आपला जुना टेम्पो, वरच्या खोलीच्या फरश्या आणि वासंतीचं बोलणं. टेम्पो मालवणला गेला. फरश्या दुकानातच राहिल्या. बोलणं कुठं गेलं कळत नाही, सकाळपासून घरात फक्त भांडी बोलतात. पण मला आवाजावरून मशीन कळतं, तर भांडी का कळू नयेत? मोठं पातेलं जरा जास्तच रागावलेलं आहे.

खामगावच्या फूटपाथवर मोटारी रिवाइंड करणारा मी. आज डोणगावात ‘उद्धव पंप्स’ कुणालाही विचारा. मोटार न उघडता, नुसता कान लावून दोष सांगतो. आणि ही स्कूटर म्हणजे तरी काय? पंपच. खालून पाणी ओढतो, मागून फेकतो. वर माणूस बसतो एवढाच फरक.

योजना : शेगावचं दर्शन करून लोणारला जाणाऱ्या लोकांना वाटेत आपल्या तलावावर चक्कर मारून आणायची. वाट जरा वाकडी करावी लागेल त्यांना. करतील.

५ जानेवारी, सोमवार

पूजा झाली. स्कूटरला चाकं नाहीत, त्यामुळे लिंबं ट्रॉलीच्या चाकांखाली ठेवली. ट्रॉली समोरच्या जब्बारभाईंनी वेल्डिंग करून दिली. ते म्हणाले, भाऊ, नजर ट्रॉलीची उतरली, स्कूटरची नाही. मी हसलो. माणूस चांगला आहे, पण खोचक.

हँडलजवळ एक लाल दोरा लटकत होता. प्लॅस्टिकचा, स्प्रिंगसारखा वेटोळा. मालवणवाल्यानं पूजेत बांधलेला दिसतो. कोकणात नाडासुद्धा वॉटरप्रूफ. दुसऱ्याच्या पूजेचा दोरा आपल्या गाडीवर ठेवत नाहीत, म्हणून सोडून वासंतीला दिला. तिनं तो देवघरात वाहिला. आपला नाडा बांधला.

वासंती बोलली. म्हणाली, झालं का समाधान? सुरुवात चांगली आहे.

८ जानेवारी, गुरुवार

तलावावर नेली. सुरू झाली नाही.

कान लावला. काहीच आवाज नाही. आवाज नसणं हाही एक आवाज असतो. निदान : बॅटरी. बॅटरी बदलली. तोच आवाज.

मालवणला फोन. तो म्हणे, लाल दोरी कुठाय? ती मनगटाला बांधायची, तिचं टोक बटणाखाली अडकवायचं, तरच इंजिन चालू होतं. माणूस पडला की टोक निघतं, इंजिन बंद. मी त्याला शांतपणे सांगितलं की मी पडत नाही. तो म्हणे, सगळेच पडतात काका. मालवणात पडत असतील.

घरी येऊन दोरी मागितली. वासंती म्हणाली, अहो, देवाला वाहिलेलं परत काढत नाहीत. रोज बेल वाहते मी त्यावर. वाद घातला नाही. ऑइलच्या डब्याचं प्लॅस्टिक कापून एक चकती केली आणि बटणाखाली कायमची ठोकून दिली. जब्बारभाई म्हणाले, मंग पडल्यावर गाडी थांबन कशी? म्हटलं, पडल्यावर ना?

९ जानेवारी, शुक्रवार

सुरू झाली. किनाऱ्याशी थोडी सरळ नेली, थोडी सरळ आणली. आवाज एकदम गोड.

एवढ्यात मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षा कलाबाई काठावर आल्या. तलावाचा ठेका त्यांच्या सोसायटीकडे, मधोमध त्यांची जाळी. म्हणाल्या, उद्धवभाऊ, हे काय आनलं? मासोळ्या ठार बहिऱ्या होतीन. मी म्हटलं, पर्यटन. त्या म्हणाल्या, आमचा उन्हाळा या जाळ्यावर हाय. एक जाळं फाटलं तर आठ घरं खाली बसतीन. त्याचं काय करता?

त्यांचं बरोबर आहे, हे इथं लिहायला हरकत नाही.

ठरलं असं : २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर गावासमोर दाखवायचं. जाळ्याच्या अलीकडे त्या एक बांबू रोवणार. मी बांबूपर्यंत जायचं, त्याला वळसा घालायचा, परत यायचं. जाळ्याला धक्का लागला नाही तर ग्रामपंचायत परवानगी देणार. लागला तर ही गाडी या तलावात पुन्हा कधी सुरू होणार नाही.

वळसा तर मी झोपेतही घालीन.

१२ जानेवारी, सोमवार

संकल्प : रोज चार तास प्रॅक्टिस. पण रोज तलावावर नेली तर कलाबाई बघतात. म्हणून अंगणात, ट्रॉलीवरच. पाण्याविना पंप चालवला तर सील जळतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, म्हणून इंजिन बंद ठेवून. लाईफ जॅकेट घालून बसतो. आवाज तोंडानं काढतो, म्हणजे कानालाही सवय राहते.

जब्बारभाईंच्या गिऱ्हाइकानं विचारलं, इनको क्या हुआ? जब्बारभाई हळूच म्हणाले, कुछ नहीं, समंदर में हैं. मला रस्त्यापलीकडचंही ऐकू येतं, हे ते विसरतात.

१७ जानेवारी, शनिवार

प्रगती वेगानं. वळण पक्कं झालं. मोटरसायकलसारखंच : वळणाआधी रेस सोडायची, हँडल वळवायचं, मग रेस द्यायची. ट्रॉलीवर एकदाही चुकलो नाही.

वासंती शाळेत इंग्रजी शिकवते, तिनं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. सकाळी चहा देताना म्हणाली, यात लिहिलंय की रेस सोडली की हँडल वळत नाही. समोर अडथळा आला तर रेस सोडू नका, रेस ठेवूनच वळा. आणि याला ब्रेक नाहीये. मी पुस्तक पाहिलं. छपाईची चूक. माणूस घाबरला की रेस सोडणार, हे पुस्तकवाल्याला कळत नाही का? ती म्हणाली, म्हणूनच लिहिलंय.

दुपारी एक गिऱ्हाईक तुषार सिंचनाचं नोझल घेऊन आलं, फिरत नाही म्हणून. त्याला बसवून समजावलं : बाबा, नोझल पाण्याच्या जोरावर फिरतं. जोर बंद केलास तर तू हातानं कितीही वाकडं कर, काही होणार नाही. लोकांना साध्या गोष्टी कळत नाहीत.

२४ जानेवारी, शनिवार

दुकानावर बोर्ड लागला. ‘उद्धव वॉटर स्पोर्ट्स. चालक : स्वतः मालक. अनुभव शंभर तास.’ पूर्ण शंभर नाहीत अजून, पण प्रॅक्टिसमध्ये मी दिलेला जीव धरला तर जास्तच भरतील. रंगवणाऱ्यानं विचारलं, शंभर तास पाण्यावर? म्हटलं, गाडीवर.

२५ जानेवारी, रविवार

उद्याचं भाषण तयार. सुरुवात : ‘मित्रहो, यंत्र म्हणजे कान.’

पोहता येतं का, असं वासंतीनं विचारलं. जॅकेटचे पट्टे तिनं स्वतः ओढून पाहिले, दोनदा.

२६ जानेवारी, सोमवार

झालं ते असं.

झेंडावंदन झालं. सगळं गाव काठावर. भाषण करता आलं नाही, शाळेची कवायत लांबली. सरळ पाण्यात. आवाज उत्तम. बांबू जवळ आला. नियमाप्रमाणे रेस सोडली. हँडल पूर्ण वळवलं.

गाडी सरळ गेली.

आणखी वळवलं, जास्त वळत नव्हतं. समोर जाळ्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या बाटल्या. कलाबाई तराफ्यावर उभ्या होत्या, ओरडल्या, भाऊ, फिरवा. मी फिरवलेलंच होतं. मग घाईत रेस पूर्ण दाबली. तेव्हा ती वळली. एकदम. मी सरळ गेलो.

चकती जागच्या जागी होती, त्यामुळे इंजिन चालू. गाडी माझ्याशिवाय हळूहळू गोल फिरायला लागली. काठावर टाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं हाही कार्यक्रम. मी जॅकेटमध्ये तरंगत आवाजावरून सांगितलं की इंजिनात दोष नाही. कुणी विचारलं नव्हतं.

दोन तराफे तिच्यामागे. ती प्रत्येक गोल जरा मोठा घेत होती. शेवटी जाळ्यात शिरली, जाळं पोटात ओढलं आणि गप्प झाली.

वासंतीनं मोबाईलवर शूटिंग केलं. माझ्या पडण्यापासून गाडी थांबेपर्यंत, अकरा मिनिटं. शूटिंगमध्ये तिचा आवाज आहे. सुरुवातीला ती फक्त माझं नाव घेते, जे ती कधीच घेत नाही. डोकं वर दिसल्यावर म्हणते, छपाईची चूक.

२७ जानेवारी, मंगळवार

शांतपणे विचार केला. बांबू चुकीच्या जागी रोवला होता.

२८ जानेवारी, बुधवार

पुस्तक वाचलं. बांबू बरोबर होता.

सोसायटीच्या शेडमध्ये गेलो. कलाबाई फाटलं जाळं पसरून बसल्या होत्या. नवं आणून देतो म्हटलं. त्या म्हणाल्या, नवं यीन तवा यीन, आज काय पान्यात टाकू? मग खाली बसलो. मोटारीची तार भरण्यात माझी हयात गेली, सुई हातात आल्यावर बोटांना विचारावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत निम्मं विणून झालं. कलाबाईंनी एक गाठ ओढून पाहिली. म्हणाल्या, हात लय बेस हाय भाऊ तुमचा. त्या गाडीवर काऊन वाया घालवता?

३ फेब्रुवारी, मंगळवार

जाळं पूर्ण झालं, पाण्यात गेलं. नवंही मागवलं. ग्रामपंचायतीचा निर्णय : गाडी तलावात राहू शकते, इंजिन बंद ठेवून. हा विजयच आहे. सोसायटीनं ती दोरीनं बांधून जाळ्याजवळ नेली. राखणीला बसायला तराफ्यापेक्षा तिची गादी मऊ आहे, असं कलाबाई म्हणाल्या.

वासंतीनं देवघरातून लाल दोरी काढून आणून दिली. म्हणाली, देवाची माफी मी मागेन. दोरी कलाबाईंना दिली. त्या तिला जेवणाचा डबा अडकवतात.

जब्बारभाईंनी बोर्डाबद्दल विचारलं. म्हटलं, राहू द्या, अनुभव कुठं जात नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

पंपात अडकलेले जाळ्याचे धागे काढायला गाडी ट्रॉलीवरून दुकानासमोर आणली, मेकॅनिक आला. काम झाल्यावर त्यानं मीटर पाहिलं, मग बोर्ड पाहिला.

मीटर दोनशे बारा पॉइंट चार. पॉइंट चार म्हणजे चोवीस मिनिटं. त्यातली अकरा मी पाण्यात होतो.